पाहुण्याचं कोडं

आमच्या माधवनगरच्या घरात कापूस नाही अशी जागाच नव्हती. चहावर कापूस, भाकरीच्या पिठात कापूस, अम्माच्या भुवयांवर कापूस. अब्बांच्या दाढीत तर पांढरं किती वयाचं आणि किती धंद्याचं, हे ईदच्या अंघोळीनंतरच कळायचं. अब्बा गाद्या भरायचे. मूळचे मेढ्याकडचे, पण डोंगरात गादीवर झोपणारी माणसं ती किती, म्हणून गिरण्यांच्या आसऱ्यानं इकडं आले. गिरणीत वाया गेलेला कापूस स्वस्तात मिळायचा. तो पोत्यांनी आणायचा, पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालायचे आणि तयार गादी सायकलवर बांधून पार सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत पोचवायची. पिंजणीच्या ताणलेल्या तातीवर, त्या तारेवर, लाकडाचा ठोका पडला की सगळं घर गुणगुणायला लागायचं. आम्ही दोघी बहिणी त्या आवाजात झोपायचो, पाढे म्हणायचो आणि भांडायचो. आता कापूस यंत्रात पिंजतात. त्या यंत्राच्या दुकानावरून जाताना मी अजून थांबते, पण तिथं ऐकण्यासारखं काही नसतं.

घरात दखनी आणि मराठी एकाच ताटात कालवलेली असे. इथं मी सगळी मराठीच वाढते, वाचणाऱ्याच्या घशात घास अडकू नये म्हणून. ताटावरून आठवलं. मेढ्याहून मामा नाचणी पाठवायचा. तिची भाकरी, लसणाची चटणी आणि शुक्रवारी जमलं तर खिमा, एवढंच आमचं खाणं. अम्मा भाकरी थापता थापता बोलायची, अब्बा पिंजता पिंजता ऐकायचे, आणि दोघांच्या मध्ये आम्ही खोळीत कापूस कोंबत असायचो. हात गुंतलेले आणि तोंड रिकामं, म्हणून कोडी घालायची. ही सवय अम्माच्या माहेरची. शमू, म्हणजे शमीम, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी, पण कोड्यांत ती आमच्या सगळ्यांची आजी होती. ऐकलेली कोडी तिला पुरायची नाहीत, मग ती स्वतःच रचायची. 'मार खाल्ला की फुगतो, मार थांबला की बसतो' हे तिचं कोडं. अम्मा म्हणाली कणीक. मी शेजारच्या पैलवानाचं नाव घेतलं. शमूनं पुढ्यातला पिंजलेला कापूस मूठभर उचलून आमच्यासमोर धरला. तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. अब्बांनी पिंजण थांबवली आणि पोट धरून हसले, आणि पुढं कितीतरी दिवस ते कोडं गिऱ्हाइकांना घालत राहिले.

या खेळाचा एक कायदा होता. तो अम्माच्या वडिलांचा, आमच्या नानांचा. घरच्या माणसाचं कोडं ज्याला सुटेल त्यानं सोडवावं, पण पाहुण्यानं घातलेलं कोडं घरच्यांनी सोडवायचं नाही. उत्तर येत असलं तरी नाही. थोडं डोकं खाजवायचं, काहीतरी भलतंच म्हणायचं आणि शेवटी 'हरलो, तुमीच सांगा' म्हणून हात जोडायचे. मग पाहुणा उत्तर सांगतो, खूश होतो आणि दुसऱ्यांदा चहा घेतो. पाहुण्याचं कोडं त्याच्या तोंडावर सोडवणं म्हणजे त्याच्या पुढ्यातलं ताट ओढणं, असं नाना म्हणायचे. नानांच्या मेढ्याच्या घरी चढण चढून येणारा माणूस बरोबर आणणार तरी काय? एखादी बातमी आणि एखादं कोडं. तेही हिसकावून घेतलं तर त्यानं परत यावं कशाला, असा त्यातला हिशोब होता.

मला हा कायदा कधीच पाळता आला नाही. उत्तर जिभेवर आलं की ते बाहेर पडायचंच, आणि त्यापाठोपाठ अम्माचा चिमटा दंडावर बसायचा. 'हिला वळण न्हाई' हे मी इतक्यांदा ऐकलं की ते माझं आडनाव आहे असं कुणालाही वाटावं. शमूला मात्र हरणं फार सुंदर जमायचं. गालावर बोट ठेवायची, डोळे मोठे करायची, 'हत्ती?' म्हणून विचारायची, पाहुण्यानं मान हलवली की 'मग चिमणी?' म्हणायची, आणि शेवटी असा चेहरा पाडायची की पाहुण्याला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटावं. तिला उत्तर येतं हे घरात सगळ्यांना माहीत असायचं, कारण पाहुणा गेल्यावर तीच आम्हाला ते कोडं कुठं कच्चं होतं हे समजावून सांगायची.

विश्रामबागेतल्या एका शाळेच्या वसतिगृहाच्या गाद्या अब्बांकडं आल्या, त्या वर्षाची ही गोष्ट. शाळेचे सेक्रेटरी माल बघायला घरी आले. भला माणूस होता, आजही मला त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. त्यांनी शमूचं आणि अब्बांचं कोड्यांचं भांडण ऐकलं, माझी वही चाळली, आणि जाताना म्हणाले की या दोघींना आमच्या शाळेत घाला, फीचं मी बघतो. फक्त एक रीत आहे, शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची बुद्धी आम्ही मोजून घेतो. अब्बांना ते फार पटलं. अम्मानं त्याच संध्याकाळी आमच्या फ्रॉकची शिवण उसवून लांबी वाढवायला घेतली. आमच्या गल्लीतल्या शाळेतून पोरींचा रस्ता चौथीनंतर थेट खोळी शिवायला यायचा. विश्रामबागेच्या शाळेतून तो कॉलेजाकडं जायचा. हे अम्माला कुणी सांगावं लागलं नाही.

शाळेत सुट्टीतली रंगरंगोटी चालू होती, म्हणून मोजणाऱ्या मॅडम आमच्याच घरी येणार असं ठरलं. इथंच घात झाला. मॅडमनी आम्हाला शाळेत बोलावलं असतं, बाकावर बसवलं असतं, तर कदाचित शमूलाही ते शाळेतल्यासारखं वाटलं असतं. पण त्या घरी आल्या, आणि अम्मानं त्यांच्यासाठी एका गिऱ्हाइकाची कोरी गादी अंथरली, तुपातला शिरा केला, शेजारून कपबशी आणली. आदल्या दिवशी आम्हा दोघींना पुढ्यात बसवून तिनं बजावलं होतं, "लय शिकल्याल्या बाई येणार हायती. पाव्हण्या हायती आपल्या. नीट वागा, मला मान खाली घालाया लावू नका." माझ्याकडं बघून ती हे दुसऱ्यांदा म्हणाली.

माझी पाळी आधी आली. मॅडमजवळ एक पेटी होती. तिच्यात चित्रांचे पत्ते, लाल-पांढरे ठोकळे आणि एक घड्याळ, जे त्या प्रत्येक प्रश्नाला दाबायच्या. मी माझ्या स्वभावानं वागले. त्यांचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची, ठोकळे त्यांच्या हातातून ओढून घ्यायची. दारातून अम्मा डोळे वटारत होती आणि मॅडम हसत होत्या. पाहुण्याशी उद्धट वागूनही मला कुणी चिमटा काढला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मग शमू बसली. फ्रॉक गुडघ्यावर ओढून, हात मांडीवर ठेवून. मॅडमनी विचारलं की आंबा आणि केळं यांच्यात सारखं काय. मी दाराआडून बघत होते. शमूनं गालावर बोट ठेवलं, पाहुण्यांपुढं ठेवायची तसंच. दोघांना शेपूट असतं का, असं तिनं विचारलं. मॅडमनी लिहून घेतलं. शमूनं आणखी एक भलतं उत्तर दिलं आणि मग मान तिरकी करून म्हणाली, "हरले बाई. तुमीच सांगा की आता."

मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. चाचणीच्या नियमानं त्यांना ते सांगता येत नसतं, हे मला फार पुढं शिकायला मिळालं. त्या नुसत्या पुढच्या प्रश्नाकडं गेल्या. शमूचा चेहरा मला अजून दिसतो. आपलं कोडं स्वतःच न सोडवणारा पाहुणा तिनं कधी पाहिलेला नव्हता. तिला वाटलं, आपण नीट हरलो नाही. मग ती आणखी मन लावून हरायला लागली. पुढच्या प्रश्नाला जास्त वेळ डोकं खाजवलं, त्याच्या पुढच्याला त्याहून भलतं उत्तर दिलं, आणि दरवेळी आशेनं मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिली. ठोकळ्यांची नक्षी तिनं भराभर लावली, पण शेवटचा ठोकळा हातात धरून तो मॅडमपुढं केला. आमच्याकडं गादीचा शेवटचा टाका अब्बांचा असतो, तसा हा मान पाहुणीचा. मॅडमनी ठोकळा घेतला नाही, शमूनं हात मागं घेतला नाही, आणि घड्याळ चालत राहिलं. मला राहवलं नाही. मी दारातून ओरडले की अगं सांग की, तुला येतंय. अम्मानं माझा कान धरून मला बाहेर काढलं आणि दूध आणायला पिटाळलं. मी परत आले तोवर मॅडम निघून गेल्या होत्या, शमू अब्बांच्या मांडीवर बसली होती आणि अब्बांनी पिंजण खाली ठेवली होती.

निकाल सेक्रेटरींनी तोंडी सांगितला. माझा आकडा शंभराच्या बराच वर होता. शमूचा सत्तरच्या खाली. शब्द त्यांनी जपून वापरला, पण अब्बांच्या तोंडून अम्माच्या कानात आणि अम्माच्या तोंडून गल्लीत तो जाईपर्यंत त्याचा 'मंद' झाला. मी आकाशपाताळ एक केलं. ती मॅडमना जिंकू देत होती, नानांचा कायदा पाळत होती, हे मी रडून, ओरडून, जेवायचं सोडून सांगितलं. अम्माला ते पटलं असावं, कारण तिनं अब्बांना माझ्याबरोबर विश्रामबागेला धाडलं. सायकलच्या नळीवर बसून मी वाक्यं पाठ करत गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हती ती, तरुण होती आणि तिला तिचं काम चोख करायचं होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून तिनं सांगितलं की बहिणीवर तुझी फार माया आहे, पण तेच प्रश्न पुन्हा विचारले तर आकडा खोटा येतो, मुलानं ते एकदा पाहिलेले असतात. आणि शब्दांत, चित्रांत, ठोकळ्यांत, सगळीकडं सारखंच कमी आलं आहे, एखाद्यातच कमी आलं असतं तर शंका घेता आली असती. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून तिनं आम्हाला पाणी दिलं.

परतताना मी अब्बांना म्हणाले की आपण दुसऱ्या कुणाकडून मोजून घेऊ. अब्बा सायकलवरून उतरले. चिडले नव्हते. दमले होते. "एकदा काट्यावर गेल्याला माल कुणी दुसऱ्यांदा तोलतंय व्हय?" एवढंच म्हणाले आणि पुढं सायकल हातात धरून चालू लागले.

या वाक्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. ज्याचा जन्म काट्यापुढं गेला त्याला आकड्याचा धाक असणार, हे मला कळतं. पण ओला कापूस जड भरतो आणि उन्हात ठेवला की तोच हलका होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? गिरणीतून पोतं उचलताना ते आधी कापसात कोपरापर्यंत हात घालून ओल बघायचे, मगच काट्याकडं बघायचे. कापसासाठी जे केलं ते पोटच्या पोरीसाठी करावंसं वाटलं नाही. शिकलेल्या माणसानं सांगितलं, विषय मिटला.

मी पुढं हाच विषय, बुद्धी मोजायचं मानसशास्त्र, शिकले. रागानं शिकले म्हटलं तरी चालेल. सांगलीच्या एका कॉलेजात तो शिकवून निवृत्तही झाले. एका प्रकारच्या प्रश्नांत बरं असलेलं मूल सहसा दुसऱ्या प्रकारातही बरं निघतं. शब्दांत चांगलं असलेलं आकड्यांत, आकड्यांत असलेलं आकृत्यांत. त्यावरून जाणकारांनी ताडलं की या सगळ्याच्या बुडाशी एकच झरा असावा. त्याला सामान्य बुद्धिमत्ता म्हणतात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं, आणि ते खोटं आहे असं मी आजही म्हणत नाही. चांगल्या हातात त्या चाचण्यांनी कितीतरी मुलांचं भलं झालेलं मी पाहिलं आहे. पण तो धडा शिकवताना दरवर्षी मला शमू दिसायची. तिच्या सगळ्या उत्तरांच्या बुडाशी एकच काहीतरी आहे, हे मॅडमना अगदी बरोबर दिसलं होतं. ती अदब होती. आंबा-केळ्यातही तीच, चित्रांतही तीच आणि ठोकळ्यांतही तीच. मला वळण नव्हतं म्हणून मी हुशार ठरले, तिला होतं म्हणून ती मंद ठरली. हल्ली विश्रामबागेतल्या चौकाचौकांत शिष्यवृत्तीच्या क्लासचे फलक दिसतात, त्यावर बुद्धिमत्ता चाचणीत पैकीच्या पैकी घेतलेल्या पोरांचे फोटो. शेजारची सून परवा मोबाईल घेऊन आली. पाच वर्षांच्या लेकाची चाचणी तिनं त्यावर घेतली होती आणि आकडा चांगला आहे का, असं मला विचारत होती. फोनमधून प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाला पोरगा पाहुणा समजला की शिक्षक, हे मी तिला विचारलं. ती हसली. म्हातारी चळली असं तिला वाटलं असणार.

मी विश्रामबागेला जायला लागले आणि शमू घरी राहिली. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. झालं ते एवढंच की सगळे तिच्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागले. अम्मा, जिच्या पोटी ती कोड्यांची राणी जन्मली, ती अम्मासुद्धा तिला एकच गोष्ट दोनदा सांगायची. चूक माझ्या हातून झाली की मी धांदरट होते, तिच्या हातून झाली की सगळे एकमेकांकडं बघायचे. तिला कोडं घालणं थांबलं, कारण बिचारीला कशाला छळा. आणि तिनं कोडं घातलं तर सगळे मुद्दाम हरायचे. घरातल्या माणसांनी आपल्याला पाहुण्यासारखं वागवायला सुरुवात केली, हे तिच्याइतक्या चटकन कुणाला कळणार होतं? तिनं कोडी घालणं सोडून दिलं. वर्षभरानं तिला मेढ्याला मामाकडं पाठवलं. मोकळ्या हवेत राहील, हातांना काम शिकेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मॅडम 'पुढच्या वर्षी बघू' म्हणाल्या होत्या, ती गोष्ट कुणी काढली नाही. मेढ्यालाच तिचं लग्न झालं, तिथंच मुलगी झाली, नाजनीन.

नाजू शाळेच्या वयाला आली तशी मी तिला न्यायला मेढ्याला गेले. सांगलीत माझ्याकडं राहील, शिकेल, असं मी मनाशी पक्कं केलं होतं आणि कुणाला नाही म्हणू देणार नव्हते. शमू अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं माझं सगळं नीट ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "न्हाई आपा. तिला तिथं नेऊन कशाला हसं करतीस? माझीच लेक ती. त्या बाई अब्बास्नी म्हणल्या हुत्या, हे जन्माचंच असतंय, लेकराचा दोष न्हाई. मी मांडीवरच हुते की. मग माझ्या पोटात वेगळं कुठनं येणार?"

मॅडम असं म्हणाल्या होत्या हे मला त्या दिवशी कळलं. मी दूध आणायला गेले होते तेव्हाची ती गोष्ट. सांत्वन म्हणून बोलल्या असतील. मी शमूचे दोन्ही हात धरले आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, नानांचा कायदा, आंबा-केळं, तिनं पुढं केलेला ठोकळा. तुला सगळं येत होतं, तू जिंकू देत होतीस, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. या जगात माझं म्हणणं खरं आहे असं सांगू शकेल असं तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. ती माझ्याकडं मायेनं बघत राहिली, लहान मुलाच्या हट्टाकडं बघावं तशी. "मला कायबी येत नव्हतं गं," म्हणाली. "तुजी माज्यावर माया हाय, म्हणून तुला तसं वाटतंय." मॅडमही मला हेच म्हणाल्या होत्या. मी तिच्या अंगणात बसून रडले, आणि तिनं माझे डोळे पदरानं पुसले, समजूत घातली, जेवायला वाढलं. एकटीच मी सांगलीच्या गाडीत बसले.

नाजूला तिनं गावातल्या शाळेत घातलं, नाही असं नाही. चौथी झाल्यावर गुरुजी स्वतः चालत घरी आले. इतकी वर्षं शिकवतो आहे पण असं डोकं पाहिलं नाही, हिला पुढं शिकवा, लागेल ती मदत मी करतो, असं ते म्हणाले. हे मला मामानं सांगितलं, तो तिथं बसलेला होता. शमूनं गुरुजींना बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला, त्यांचं बोलणं संपेपर्यंत डोक्यावरचा पदर धरून उभी राहिली, आणि मग अगदी हळू, त्यांना वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "गुर्जी, तुमचीच काय तर चूक हुतीया."